पाठवायला काय जातं?

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर आत्याने एक फोटो टाकला. पाठीवर गाठोडं घेतलेला माणूस, बाजूला दोन बायका, आणि वर लाल अक्षरांत : 'मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा.' पाच मिनिटांत सात अंगठे. मी विचारलं, "आत्या, कुठला गं हा फोटो?" तर म्हणाली, "अरे, कुठला का असेना. दिसतंय ना समोर? आणि पाठवायला काय जातं?"

हे शेवटचं वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहितोय.

काय जातं ते सांगतो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, आठवड्याचा बाजार. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्याआधी बरेच दिवस मोबाईलवरून अशाच अफवा फिरत होत्या.

त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तुम्हालाही आठवत असेल. मोटरसायकलवरून दोघं येतात, मुलाला उचलतात आणि पसार. बघून पोटात गोळाच येतो. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला जनजागृतीचा व्हिडिओ. शेवटी तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात. आपल्याकडे पोचला तेव्हा तो शेवट कापलेला होता. फक्त काही सेकंद नाहीत, बस्स!

मीही तो तेव्हा पाहिला होता. भाचीची शाळा सुटायची वेळ झाली होती. छातीत धस्स झालं आणि मी तो दोन ग्रुपांवर ढकलला. राईनपाड्याची बातमी वाचल्यावर पुसून टाकला. माझ्या मोबाईलमधून पुसला. बाकीच्यांच्या?

म्हणून "खरंखोटं तपासा" एवढा उपदेश मला तोकडा वाटतो. चित्र विचाराला वेळच देत नाही. त्यात ते घरच्या माणसाकडून येतं. रस्त्यात कुणी अनोळखी माणसाने तोच फोटो दाखवला असता तर आपण चार प्रश्न विचारले असते. इथे आपण फोटोवर नाही, आत्यावर विश्वास ठेवतो. आत्याने भिशीतल्या मैत्रिणीवर ठेवलेला असतो. उगमाशी कोण बसलाय, कुणालाच ठाऊक नाही.

जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. ठीक आहे, पण प्रत्येक ग्रुपात शंभर माणसं असली तर हिशेब तुम्हीच करा. आता तर कापाकापीचीही गरज उरली नाही. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचा फुगीर पांढऱ्या जॅकेटमधला फोटो जगभर फिरला, तो चक्क संगणकाने रचलेला होता. आपण हसलो. पण तसाच गाठोडंवालाही रचता येतो, आणि त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी उद्या खरोखर बाजारात येणार असतो.

"आणि खरंच टोळी आली असली तर?" आत्याने विचारलंच.

तर ११२ ला फोन कर, आत्या. पोलीस निदान विचारतील, कुठे, कधी, कुणी पाहिलं. ग्रुप हे विचारत नाही.

आत्याने अजून उत्तर दिलेलं नाही. फोटो मात्र काढून टाकलाय. असो.