डोंगर पडद्यावर, माणूस पडद्याआड

तोरणमाळचे नाव निघाले की यशवंत तलाव, सीताखाई आणि महाशिवरात्रीची यात्रा यांचे वर्णन ओघाने येते. त्या पठारावर राहणाऱ्या पावरा-भिल्ल समाजाकडे मात्र बहुधा निसर्गशोभेचाच एक भाग म्हणून पाहिले जाते. चित्रपट आणि दूरदर्शन यांची दृष्टीही याहून फारशी निराळी राहिलेली नाही. म्हणूनच सातपुड्यातील एखाद्या मुलाला वा मुलीला अभिनय हा उपजीविकेचा व्यवसाय म्हणून पत्करता येईल काय, हा प्रश्न वरवर किरकोळ भासला तरी तसा तो नाही.

१९७७ च्या 'जैत रे जैत'ने ठाकर समाजाचे जीवन मोठ्या आस्थेने पडद्यावर आणले. त्यातील नाग्या आणि चिंधी साकार केली ती मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांनी. १९८० च्या 'आक्रोश'मध्ये ओम पुरी यांचा आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ चित्रपटभर मूक राहतो. या कलावंतांच्या सामर्थ्याविषयी दुमत नाही. परकायाप्रवेश हाच अभिनयाचा धर्म असल्याने ज्याची जात त्याचीच भूमिका असा दंडक घालणेही चुकीचे ठरेल. परंतु हा परकायाप्रवेश एकाच दिशेने होत राहिला, शहरातील नट आदिवासी होत गेला आणि आदिवासीला नट होण्याची वाटच मिळाली नाही, तर तो केवळ कलेचा प्रश्न उरत नाही.

गुण नाहीत, असे म्हणण्याची सोय नाही. तोरणमाळच्या शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी भरते. अंगभर ठिपक्यांची नक्षी, डोईवर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि दुधी भोपळे बांधून बावा आणि बुध्या रात्रभर नाचतात. त्यापूर्वी कित्येक दिवस ते व्रतस्थ राहून कडक नियम पाळतात. शरीरावरील हा ताबा आणि ही शिस्त नाट्यशिक्षणाच्या कोणत्याही संस्थेला हेवा वाटावी अशीच आहे. उणीव आहे ती पुढच्या पायरीची.

ही पायरी किती मोलाची असते, हे खानदेशाशी नाते असलेल्या स्मिता पाटील यांच्याच उदाहरणावरून दिसते. सातपुड्याच्या पायथ्याचे शिरपूर हे त्यांच्या वडिलांचे, शिवाजीराव पाटील यांचे कार्यक्षेत्र. स्मिता यांचा जन्म मात्र पुण्यातला. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देता देता त्या श्याम बेनेगल यांच्या चित्रपटांत आल्या आणि 'भूमिका' व 'चक्र' यांसाठी दोनदा राष्ट्रीय पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. प्रतिभा त्यांची स्वतःची होती. पण पुणे-मुंबई, घरचे सार्वजनिक जीवन आणि दूरदर्शनचे दार याही गोष्टी हाताशी होत्या.

बेनेगल यांच्याच १९७५ च्या 'चरणदास चोर'मध्ये स्मिता पाटील यांच्यासमवेत छत्तीसगढच्या नाचा परंपरेतील कलावंत होते. हबीब तन्वीर यांनी लालूराम, फिदाबाई यांसारख्या कलावंतांना 'नया थिएटर'मध्ये आणले, त्यांच्याच बोलीत नाटके बसविली. १९८२ मध्ये हे नाटक एडिंबरोच्या महोत्सवात पुरस्कार मिळवून आले. एका संस्थेने दीर्घकाळ पाठ राखली, तर खेड्यातील नट कोठवर जातो याचे हे घरचेच प्रमाण होय.

हाच पेच पूर्व आफ्रिकेपुढेही होता. १९८५ च्या 'आउट ऑफ आफ्रिका'साठी केनियाची भूमी हवी होती, नायक-नायिका मात्र अमेरिकेचे. पुढे त्याच देशाच्या लुपिता न्योंगो यांना २०१४ मध्ये ऑस्कर मिळाले. पण त्यांची वाट अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेतून गेली आणि ती सर्वांना परवडणारी नव्हे. याउलट, नैरोबीत भरविलेल्या चित्रपट कार्यशाळांच्या उपक्रमातून २०१२ मध्ये 'नैरोबी हाफ लाइफ' तयार झाला. नट होण्यासाठी शहर गाठणाऱ्या खेड्यातील तरुणाची ती कथा. प्रमुख भूमिकेतील जोसेफ वैरिमू यांना दरबानच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. साहाय्य जर्मनीचे होते. परंतु शिक्षण घरच्या भूमीवर झाले आणि संवादही तेथल्या भाषांत राहिले.

महाराष्ट्र शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. त्यातील थोडा अंश नंदुरबार जिल्ह्यात दरवर्षी एक दीर्घ अभिनय-शिबिर भरविण्यास लावणे अशक्य नाही. सह्याद्री वाहिनीने पावरी, भिलोरी आणि मावची बोलींतील नाटकांना नियमित वेळ द्यावा. आदिवासी कथानकासाठी अनुदान घेणाऱ्या निर्मात्यावर स्थानिक कलावंतांना संवाद असलेल्या भूमिका, रीतसर मानधन आणि श्रेयनामावलीत स्थान देण्याचे बंधन घालावे.

एवढे झाल्याने लगेच कोणी तारा उदयास येणार नाही. पण पावरा तरुणाला पडद्यावर प्रथम बोलता येईल आणि पुढे केव्हातरी वकील, डॉक्टर वा प्रियकर यांचीही भूमिका मिळेल. केवळ समूहनृत्यासाठी त्याला पाचारण करण्याची प्रथा तेव्हाच मागे पडेल.