सारखं दिसतं म्हणून औषध सारखं नसतं

भारतातून परत निघताना बॅग भरण्याचा आपला एक ठरलेला क्रम असतो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि सगळ्यात शेवटी औषधांची पिशवी. "अगं, ते खाजेचं मलम घेतलंस का? दादाला आठ दिवसांत फरक पडला होता," असं आई म्हणते आणि दोन ट्यूब बॅगेत जातात. इथे ब्रिटनमध्ये त्वचारोगतज्ज्ञांची वेळ मिळायला कधी कधी महिनेच्या महिने लागतात. त्यामुळे त्या ट्यूबचा मोठा आधार वाटतो.

मलाही वाटायचा. मांडीवर चट्टा आला, मलम लावलं, दोन दिवसांत खाज थांबली. लावणं बंद केलं की चट्टा दुपटीने वाढून परत यायचा. चार महिने हा खेळ चालला. शेवटी त्वचा खरवडून तपासली तेव्हा कळलं की तो साधा नायटा होता, म्हणजे बुरशी. आणि मलमात होतं तीव्र स्टेरॉइड. मी बुरशीला चार महिने जणू खतपाणी घालत होते.

स्टेरॉइड वाईट औषध नाही. इसब असेल तर डॉक्टर तेच देतात. अडचण अशी की ते सूज आणि खाज लगेच दाबतं, मग मूळ कारण कुठलंही असो. नायट्याची उठावदार गोल कडा पुसट होते आणि नंतर तज्ज्ञालाही ओळखणं अवघड जातं. २०१८ साली भारत सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, ती याच गैरवापरामुळे. भारतीय उपखंडात आता नेहमीच्या टर्बिनाफिनलाही दाद न देणारी बुरशी पसरली आहे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण आढळले.

साधारण खुणा सांगायच्या तर इसब कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत येतो आणि फार खाजतो. सोरायसिस कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात येतो आणि त्यावर पांढुरके पापुद्रे असतात. नायटा कडेने पसरतो, मधे निवळतो आणि जांघेत, कमरेवर जास्त दिसतो. पण पुस्तकातला 'लाल चट्टा' आपल्या सावळ्या कातडीवर जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून निदान करणं हा जुगारच.

हीच गोष्ट पोटाच्या बाबतीत होते आणि तिथे ती जास्त महागात पडते. आमच्या ओळखीतला एक तरुण इथे शिकायला आला. सहा महिने पोटात मुरडा, जुलाब, बारीक ताप, वजन उतरलेलं. घरच्यांचं मत, "बाहेरचं खाणं, दुसरं काय?" तपासणीत लहान आतड्याच्या शेवटी व्रण सापडले. डॉक्टरांचा पहिला संशय क्रोन्सचा होता. आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा हा आजार. पण तो भारतातून आलेला, म्हणून त्यांनी दुसरीही शक्यता तपासली आणि निघाला आतड्याचा टीबी.

हे दोन आजार जुळ्या भावांसारखे आहेत. दोघांची आवडती जागा एकच, लहान आणि मोठ्या आतड्याचा सांधा. लक्षणंही तीच. ग्लासगोचे सर्जन डॅल्झिएल यांनी १९१३ मध्येच लिहिलं होतं की टीबीसारखा दिसणारा पण टीबी नसलेला आतड्याचा एक विकार आहे. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन यांनी सहकाऱ्यांसह त्याचं सविस्तर वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला मिळालं.

उपचार मात्र उलट दिशेचे. क्रोन्समध्ये प्रतिकारशक्तीला लगाम घालतात; टीबीत तोच लगाम जंतूला मोकळं रान देतो. उलट क्रोन्सच्या रुग्णाला महिनोन् महिने टीबीच्या गोळ्या दिल्या तर खरा आजार आत वाढत राहतो. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून आतड्याचा टीबी नाही असं होत नाही. बायोप्सीत जंतू दर वेळी सापडतातच असंही नाही. म्हणून कधी कधी टीबीचं औषध सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात आणि व्रण भरले का ते पाहतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे शौचातून रक्त पडलं की "मूळव्याध असेल" म्हणून लाजेने गप्प बसणं. ते अल्सरेटिव्ह कोलायटिस असू शकतं, क्वचित कर्करोगही. रक्त, उतरणारं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, यांतलं काहीही असेल तर ते 'पोट नाजूक असणं' नव्हे. उलट, सतत पोट बिघडतं पण यांतलं काही नाही, तर शौचाची कॅल्प्रोटेक्टिन नावाची तपासणी असते. आतड्याला खरंच सूज आहे का, याचा अंदाज तिने येतो. जीपीला तिच्याबद्दल विचारायला संकोच नको.

आणि कातडी व आतडं आपण समजतो तितके परके नाहीत. सोरायसिस असलेल्यांना क्रोन्स होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. नडगीवर येणाऱ्या दुखऱ्या गाठी क्रोन्समध्येही दिसतात आणि टीबीतही. त्यामुळे पोटाच्या डॉक्टरांना कातडीचं सांगा, कातडीच्या डॉक्टरांना पोटाचं.

परदेशात राहणाऱ्यांनी तीन गोष्टी कराव्यात. आपण कुठून आलो, घरात कुणाला टीबी होता का आणि शेवटचं भारतात कधी गेलो होतो, हे डॉक्टरांना न विचारता सांगावं. भारतातून आणलेली ट्यूब किंवा गोळ्यांचं पाकीट सोबत न्यावं. "एक क्रीम लावत होते" एवढं पुरत नाही. आणि भारतात केलेल्या तपासण्यांचे कागद जपून ठेवावेत.

मायदेशी असलेल्या आई, मावशी, दादांना एवढीच विनंती, की फोनवर औषधाचं नाव सांगण्याऐवजी "डॉक्टरांकडे गेलास का?" एवढं विचारा. माया तीच राहील, बॅगही हलकी होईल. त्या जागेत भाजणीचं आणखी एक पाकीट मावेल.