गहू नव्हता, म्हणून...

बालदोस्तांनो, भरली वांगी आवडतात ना? मग आज भरलेल्या टोफूची गंमत ऐका! टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये 'योंग टाउ फू'चा स्टॉल असतो. वाडगा आणि चिमटा घ्यायचा. माशाचं सारण भरलेलं टोफू, भेंडी, मिरची, हवं ते उचलायचं. दुकानदार ते उकळून नूडल्स आणि गरम सूपबरोबर देतो.

हा चीनमधल्या हाक्का लोकांचा पदार्थ. ते उत्तरेकडून दक्षिणेत आले. करंजीसारखे पदार्थ करायला तिथे गहू मिळेना. मग सारण त्यांनी टोफूतच भरलं, असं सांगतात.

घरात हवी ती वस्तू नसली की तुम्ही रुसता, की दुसरं काही शोधता? खरं खरं सांगा हं!