टायरच्या पोटातही कापडच असते

आपल्या धंद्यातील माणूस ताका हातात घेतला की आधी किनार वाचतो. गिरणी कोणती, सुताचा काउंट किती, रीड-पिक काय, हे विचारतो, बोटांत चोळून पाहतो, मग भावाची गोष्ट. तोच माणूस टायरच्या दुकानात गेला की वरवर नक्षी पाहतो, "सगळ्यात स्वस्त कोणता?" एवढेच विचारतो आणि चहा पिऊन निघतो. दहा-बारा लाखांची, कधी त्याहून महाग जोरदार सेदान बाहेर उभी असते आणि तिला असा माल बसतो.

वास्तविक टायर हा आपल्या ओळखीचाच माल आहे. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर बनवला तेव्हा रबरी नळीवर कापडच गुंडाळले होते. आजच्या मोटारीच्या रेडियल टायरमध्ये पॉलिएस्टर किंवा रेयॉनच्या दोऱ्यांचा थर असतो, त्यावर पोलादी तारांचे पट्टे आणि वेगवान गाडीच्या टायरमध्ये त्यावर नायलॉनचे वेष्टन. हे सर्व रबराने एकमेकांना धरलेले असते. उष्णता हद्दीबाहेर गेली की ही पकड सुटते, थर वेगळे होतात आणि भर वेगात टायर फुटतो.

ही उष्णता केवळ उन्हाची नसते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते, उसळते आणि आतून तापते. नागपूर ते भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. आपले व्यापारी आता सहकुटुंब त्यावरून जातात. मोटारीला १२० ची मुभा, खाली काँक्रीट, वर विदर्भातले मे महिन्याचे ऊन आणि डिकीत सामान. कमी हवेचा, जुना टायर इथे दगा देतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना, दरवाजाच्या खांबावरील चिठ्ठीप्रमाणे भरावी. भरल्या गाडीसाठी तिथे वेगळा आकडा असतो. वाटेत तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून काढून टाकू नये. थंड झाल्यावर ती कमी पडते. नायट्रोजनचे फार कौतुक करू नका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

आता टायरची किनार वाचू. समजा २०५/५५ आर १६ ९१ व्ही असे लिहिले आहे. पहिले आकडे मापाचे. ९१ म्हणजे एका टायरने ६१५ किलो पेलावेत, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरची क्षमता. आपण तेवढे कुठे पळवतो, असे म्हणून दुकानदार एच किंवा टी गळ्यात मारू पाहतो. घेऊ नये. वरचे अक्षर हे उष्णता सोसण्याचेही माप आहे. ज्या टायरवर तापमानाचा दर्जा छापलेला असतो तिथे ए पाहावा. ट्रेडवेअरचा आकडा मोठा असेल तर टायर जास्त टिकतो, पण रबर बहुधा कडक आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी. फार मऊ घेतला तर आपल्या उन्हात लवकर झिजतो. फिरतीच्या व्यापाऱ्याने मधला घ्यावा, असे माझे मत आहे. रुबाबासाठी मोठी रिम आणि पातळ टायर लावण्याचा शौक तरुणांनी आवरावा. आपल्या खड्ड्यांत त्याची बाजू फुगते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तारीख. चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. एका बाजूला दिसले नाहीत तर दुसऱ्या बाजूला पाहावे. गोदामात दोन-तीन वर्षे पडलेला माल 'नवीन' म्हणून सवलतीत विकला जातो. रबर पडून पडूनही म्हातारे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा पक्के बिल घ्यावे आणि त्यावर टायरचा नंबर लिहून घ्यावा.

कायद्याने खाच १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. पण पावसाळ्यापूर्वी ती तीनवर आली असेल तर बदललेले बरे. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवीन जोडी मागे बसवावी, म्हणजे ओल्या वळणावर गाडीची शेपटी घसरत नाही. आणि डिकीतल्या पाचव्या टायरची तारीखही वाचावी. गाडी जुनी घेतली असेल तर तो बहुधा गाडीच्याच वयाचा निघतो.