गरिबीचें व्रत आणि गांवांचें उत्पन्न

थेरगांवच्या पारावर परवां एका गृहस्थांनीं व्याख्यान झोडलें. युरोपांत म्हणे टेंपलर नांवाचे शूर संन्यासी होते. एका हातीं तलवार, दुसऱ्या हातीं जपमाळ. तसाच पंथ आपणही काढूं, घरटीं वर्गणी द्या! आमच्या कुणबी, माळी, सुतार बांधवांनीं कनवटीला हात घालण्यापूर्वीं त्या संन्याशांचा जमाखर्च ऐकावा. व्याख्यानांत तो नव्हता.

सुमारें १११९ सालीं जेरुसलेमांत हा पंथ निघाला. प्रत्येक गड्यानें गरिबीची शपथ घ्यावयाची. गडी गरीब, पंथ मात्र गबर! राजेसरदारांनीं त्यास शेतें दिलीं, पाणचक्क्या दिल्या, गांवें दिलीं. धर्मासाठीं पिकाचा दहावा हिस्सा देण्याची तिकडे सक्ती होती. ११३९ सालीं पोपनें ह्या पंथास त्यांतून सूट दिली. नांगर धरणाऱ्यास ती सूट कोठली? पुढें हे संन्यासी सावकारी करूं लागले. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप त्यांचा ऋणको झाला, आणि १३ ऑक्टोबर १३०७ रोजीं त्यानेंच त्यांस धरून तुरुंगांत घातलें. हाल हाल करून कबुल्या घेतल्या. तो अन्यायच होता, तें आम्ही लपवीत नाहीं. १३१२ सालीं पोपनें पंथ मोडला. मग जमिनी कुळांस मिळाल्या काय? छे! बहुतेक हॉस्पिटलर ह्या दुसऱ्या शस्त्रधारी पंथाच्या घशांत गेल्या. पोर्तुगालांत राजा दिनिश यानें १३१९ सालीं 'ख्रिस्ताचा पंथ' उभारून त्यास दिल्या.

ही दूरदेशची कहाणी म्हणून सोडूं नका. ह्याच ख्रिस्तपंथाचा लाल क्रूस शिडांवर मिरवीत पोर्तुगीज गलबतें आमच्या किनाऱ्यास लागलीं. १४५६ सालींच पोपनें हिंदुस्थानापर्यंतचा धर्माधिकार ह्या पंथास लिहून दिला होता. येथल्या कुणब्यास विचारलें कोणी? १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांकडे गेली. तेथलीं गांवें त्यांच्या सरदारांस व पाद्र्यांच्या मठांस वांटलीं गेलीं. कसणारा कुणबी कूळच राहिला. गोव्यांत १५४० च्या सुमारास तिसवाडींतील देवळें पाडलीं, आणि १५४१ सालीं देवळांच्या जमिनींचें उत्पन्न चर्चकडे वळविलें. खाणारा बदलला, चिखलांत उभे असलेले पाय तेच.

आम्हीं त्या गृहस्थांस एवढेंच विचारलें कीं, पंथासाठीं जमीन घेतल्यास सातबारावर नांव कोणाचें लागणार, आणि दरसाल हिशेब पारावर वाचून दाखवाल काय? ते म्हणाले, धर्मकार्यांत हिशेब कसला! आणि वर्गणीची वही काखेस मारून ते वाकडच्या वाटेला लागले.