कंपनीतला पंक्तिप्रपंच

देहूगावात स्थळाची बोलणी निघाली की पहिला प्रश्न येतो, "मुलगा कुठं असतो?" उत्तर येते, "कंपनीत." कोणती कंपनी, तिथे काय बनते, हे पुढचे. त्याआधी दुसरा प्रश्न ठेवलेलाच असतो, "परमनंट का?" त्या उत्तरावर बोलणी पुढे सरकतात किंवा चहावरच थांबतात. तळवडे, चिखली, भोसरी, महाळुंगे, चाकण या पट्ट्यात माणसाच्या आयुष्यावर 'कंपनी'एवढा अधिकार चालवणारा दुसरा इंग्रजी शब्द नाही. ज्या शब्दावर घरे उभी राहतात आणि लग्ने अडतात, त्याचे कुळ आणि मूळ इथल्या माणसांना ठाऊक असायला हवे. ते कळल्यावर आजच्या कंपनीकडे काय मागायचे, हेही नीट कळते.

इंग्रजीत कंपनी म्हणजे भागधारकांनी मिळून स्थापलेली संस्था, आणि कारखाना ही तिची मालमत्ता. मराठीत आपण कारखान्यालाच कंपनी म्हणतो. भिंत, गेट, आतली यंत्रे, तिथली नोकरी, महिन्याचा पगार, सगळे मिळून कंपनी. कंपनी सुटते, गुरुवारी कंपनीला सुट्टी असते, चौकात कंपनीची बस येते. गाडीचा सुटा भाग घेताना आपण "कंपनीचा आहे का लोकल?" असे विचारतो, तेव्हा अस्सलपणाची खूणही हाच शब्द होतो. एकट्याने जेवायचे कोणाच्या जिवावर आले, तर "थांब, तुला कंपनी देतो," म्हणतो. देहूरोडच्या छावणीत जवानांच्या तुकडीलाही कंपनी म्हणतात. या सर्व अर्थांत सोबतीचा अर्थ सर्वांत जुना, आणि त्याच्याही आत जेवण आहे.

लॅटिनमध्ये 'पानिस' म्हणजे भाकर आणि 'कुम्' म्हणजे सह. या दोहोंतून 'कंपानिओ' हा शब्द झाला. एका भाकरीत ज्याचा वाटा आहे, तो कंपानिओ. सहाव्या शतकातल्या फ्रँक लोकांच्या कायद्याच्या लॅटिन संहितेत तो सापडतो. शब्दाचा साचा जर्मानिक बोलींतून आला असावा, असे भाषेचे अभ्यासक मानतात, कारण जुन्या गॉथिक भाषेत 'गाह्लाइबा' या शब्दाची घडण हुबेहूब अशीच आहे. पुढे हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. आधी सोबत, मग सैनिकांची तुकडी आणि सोळाव्या शतकात एकत्र व्यापार करणाऱ्यांचा संघ, असे त्याचे अर्थ वाढत गेले. एकत्र जेवणारे ते एकत्र लढणारे, आणि ते एकत्र धंदा करणारे, असा हा प्रवास आहे.

इंग्रजीत भाकरीतून निघालेला आणखी एक मोठा शब्द आहे, लॉर्ड. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप 'ह्लाफवेअर्ड' असे होते, म्हणजे भाकरीचा राखणदार. भाकर राखणारा धनी एकीकडे आणि भाकर वाटून खाणारे सोबती दुसरीकडे. आपल्याकडे कामगार मालकाला अन्नदाता म्हणतो, खाल्ल्या मिठाला जागण्याची भाषा बोलतो, तेव्हा तो लॉर्डच्या कुळातले नाते सांगत असतो. कंपनी या शब्दाने मुळात दुसरे नाते सांगितले होते.

याच लॅटिन 'पानिस'चा वंशज आपल्या रोजच्या खाण्यात आहे. पोर्तुगीजांचा 'पांव' गोव्याच्या वाटेने आला आणि मराठीत पाव झाला. कंपनी आणि पाव हे सख्खे चुलत भाऊ आहेत. एक लंडनच्या वाटेने आला, एक लिस्बनच्या, आणि चाकणच्या प्रत्येक गेटबाहेर ते पुन्हा एकमेकांसमोर उभे आहेत. आत कंपनी, बाहेर वडापावची गाडी. पहिल्या शिफ्टला आलेला आणि थर्ड शिफ्ट करून निघालेला, दोघेही त्या गाडीवर भेटतात. आतली भाकर ज्यांच्या वाट्याला पुरती येत नाही त्यांची संख्या त्या गाडीवाल्याला कोणत्याही कामगार अधिकाऱ्यापेक्षा चांगली ठाऊक असते.

मराठी माणसाला हा शब्द पहिल्यांदा भेटला तो मात्र सत्तेच्या रूपात. 31 डिसेंबर 1600 रोजी एलिझाबेथ राणीने लंडनच्या व्यापाऱ्यांना सनद दिली आणि ईस्ट इंडिया कंपनी जन्मली. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, त्याच युद्धात चाकणचा किल्लाही इंग्रजी फौजेने घेतला. चाकणला आलेली पहिली कंपनी तोफा घेऊन आली होती. त्यानंतर 'कंपनी सरकार' हा शब्द रयतेच्या तोंडी बसला आणि 1858 मध्ये कंपनीचे राज्य संपल्यावरही तो मागे राहिला. भाकर वाटून घेणाऱ्यांचे नाव सारा वसूल करणाऱ्यांना लागले. शब्दाच्या वाट्याला याहून मोठी विटंबना आलेली नसेल.

त्या शब्दाला मराठी मुलखात पुन्हा माणसांत आणले ते नाटकवाल्यांनी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात शाकुंतल रंगभूमीवर आणले, त्यांची संस्था 'किर्लोस्कर नाटक मंडळी' होती. पाटीवर मंडळी, लोकांच्या तोंडी मात्र नाटक कंपनी. मंडळी हा शब्द खरे तर कंपनीला मराठीने दिलेला उत्तम पर्याय होता, कारण त्यात माणसे दिसतात. या कंपन्या गावोगाव फिरत. नट, साथीदार, पडदे ओढणारे कंपनीच्या बिऱ्हाडी राहत आणि पंक्तीला जेवत. घरचे जेवण सोडून मुलगा 'कंपनीत पळाला' की आई रडे, पण तो उपाशी नाही एवढे तिला ठाऊक असे.

मग सिनेमा आला. 1929 मध्ये कोल्हापुरात पाच भागीदारांनी प्रभात फिल्म कंपनी काढली, 1933 मध्ये ती पुण्याला आली. त्या पाचांत शांतारामबापू होते, दामले, फत्तेलाल आणि धायबर होते, आणि भांडवल पुरवणारे सीतारामपंत कुलकर्णीही होते. याच कंपनीने 1936 साली 'संत तुकाराम' काढला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. देहूचे नाव जगाच्या पडद्यावर नेले ते एका कंपनीने, हे देहूकरांनी अभिमानाने सांगावे.

मग आपल्या दाराशी आली ती कारखान्याची कंपनी. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, त्याच दशकात टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपे. त्या पिढीत कंपनीत लागणे याचा अर्थ साधारणपणे कायमचे लागणे असा होता. फंड, बोनस, घरासाठी कर्ज, सवलतीच्या दराचे जेवण. कंपनीतून निवृत्त झालेले आजोबा आजही निगडी-आकुर्डीत 'आमची कंपनी' म्हणतात आणि त्या 'आमची'त काही खोटे नसते.

आज त्यांचा नातू चाकणला जातो. तो 'आमची कंपनी' म्हणत नाही, 'मी अमक्या कंपनीत आहे' म्हणतो. मालक कोण विचारले तर ठेकेदाराचे नाव सांगतो. त्याच लाइनवर, त्याच मशीनला, तेच काम करणारे दोघे शेजारी उभे असतात. एकाच्या ओळखपत्रावर कंपनीचे नाव आणि दुसऱ्याच्या ओळखपत्रावर ठेकेदाराचे. एकाला वेतनकरार, दुसऱ्याला काही महिन्यांनी 'ब्रेक', कारण कामगार कायद्यात वर्षभरात भरलेल्या 240 दिवसांच्या कामाला सलग सेवेचा अर्थ आहे आणि तो आकडा गाठू द्यायचा नाही. ब्रेक म्हणजे पंधरा-वीस दिवस खोलीवर बसणे, मेसचे पैसे उधार ठेवणे आणि पुन्हा नव्याने भरती होणे. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेली मुले तळवड्यात आणि विठ्ठलवाडीत एका खोलीत पाच-सहा जण राहतात. त्यांची सोबत खरी आहे. कंपनी मात्र त्यांची नाही.

जेवणाच्या सुट्टीत हा भेद उघडा पडतो. काही कारखान्यांत सगळे एका रांगेत, एका ताटात जेवतात आणि त्यांचे कौतुक केले पाहिजे. पण कुठे कुपनाचा रंग वेगळा असतो, कुठे सवलतीचा दर वेगळा, कुठे ठेक्यावरच्याने घरचा डबा आणावा असे गृहीतच धरलेले. मराठीत याला नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एका पंक्तीला बसवून एकाच्या पानात तूप आणि दुसऱ्याच्या पानात नुसता भात वाढणे. आपल्या समाजात कोण कोणाबरोबर जेवतो यावर शतकानुशतके माणसांची प्रत ठरली. ती चाल मोडण्यासाठी सहभोजने घालावी लागली. तोच भेद कारखान्याच्या कँटीनमध्ये नव्या नावाने परत येत असेल, तर ते कुणीही शांतपणे पाहू नये.

कायद्याने याचा विचार केला होता, हे विसरले जाते. 1948 च्या कारखाने कायद्यात अडीचशेपेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन असावे अशी तरतूद आली, आणि तिच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी घेण्याचीही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने शंभर आणि त्याहून जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे कँटीनची जबाबदारी ठेकेदारावर टाकली, आणि ठेकेदाराने ती पार पाडली नाही तर मूळ मालकाने पार पाडावी असे स्पष्ट म्हटले. म्हणजे भाकरीच्या बाबतीत 'हा आमचा माणूस नाही' असे म्हणण्याची सोय कायद्याने मूळ मालकाला ठेवलेली नव्हती.

पत्र्याच्या शेडलाही आपल्याकडे कंपनीच म्हणतात. 8 डिसेंबर 2023 रोजी देहूपासून हाकेच्या अंतरावर तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. त्याच दिवशी सहा जीव गेले, पुढच्या दिवसांत रुग्णालयात आणखी गेले. मृतांत बहुतेक बायका होत्या. सकाळी घरून निघताना त्या 'कंपनीत जाते' असेच म्हणाल्या असतील. त्या शब्दाने सोबतीचे, संरक्षणाचे जे आश्वासन दिले होते, त्यातले काही तिथे नव्हते.

देहूला कंपनीचे वावडे नाही, हेही सांगितले पाहिजे. 2008 मध्ये भामचंद्र डोंगराजवळ शिंदे-वासुलीत डाऊ केमिकलचे संशोधन केंद्र येणार होते, तेव्हा वारकऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला. भोपाळ वायुदुर्घटनेतली युनियन कार्बाइड 2001 मध्ये याच डाऊने विकत घेतली होती आणि भोपाळच्या पीडितांचा प्रश्न ती आपला मानत नव्हती. शेवटी ते केंद्र तिथे उभे राहिले नाही. त्याच परिसरात नंतर कितीतरी कारखाने आले आणि गावाने त्यांना जागा दिली. लोकांचे म्हणणे एवढेच होते की जो दुसऱ्याच्या दुःखात वाटेकरी व्हायला तयार नाही, तो आमच्या शेजारी नको.

वाटेकरी होणे म्हणजे काय हे देहूला शिकवावे लागत नाही. तुकोबांचे घर महाजनकीचे आणि सावकारीचे. 1630 च्या दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली आणि धाकट्या भावाची त्याला दिली, असे परंपरा सांगते. कर्जाचे हिशेब पाण्यात सोडणारा तो दुकानदार आजही या गावाचा मोठा माणूस आहे. आणि ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी निघते, तेव्हा दिंडी म्हणजे शब्दाच्या मूळ अर्थाने कंपनीच असते. वारकरी भिशी भरतात, खर्च वाटून घेतात, एका चुलीवर शिजवतात आणि एका पंक्तीला बसतात. पालखी निगडी, आकुर्डी, पिंपरीतून जाताना कारखान्यांचे कामगार आणि व्यवस्थापक वारकऱ्यांना चहा-फराळ वाढायला रस्त्यावर उभे असतात. त्या दिवशी वाढणाऱ्याने कोणाला परमनंट आहेस का असे विचारल्याचे ऐकिवात नाही.

मग हीच माणसे गेटच्या आत गेल्यावर तो प्रश्न का विचारतात? गेटबाहेरच्या समाजासाठी दोन टक्के नफा खर्च करण्याचे बंधन 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर घातले आहे, आणि त्यातून शाळा, तलाव, रुग्णवाहिका होतात, हे चांगलेच आहे. आपल्या कामगाराच्या ताटाचा खर्च मात्र त्या दोन टक्क्यांत दाखवता येत नाही. तो कंपनीने स्वतःच्या खिशातून करायचा असतो. मागणी मोठी नाही. एका छताखाली काम करणाऱ्या सगळ्यांना एक कँटीन, एक ताट, एक दर. कँटीन समितीत ठेक्यावरच्या कामगारांचा निवडून दिलेला माणूस. पगाराच्या पावतीवर ठेकेदाराच्या नावाबरोबर मूळ कंपनीचेही नाव. यातली पहिली गोष्ट तर कोणत्याही व्यवस्थापकाला येत्या सोमवारपासून करता येईल. आणि कामगार संघटनांनी पुढच्या वेतनकराराला बसताना, आपल्या सभासदांच्या वाढीव हजारांची बोलणी सुरू करण्याआधी, हे कलम टेबलावर ठेवावे, ज्यांची नावे त्यांच्या सभासद-यादीत नाहीत त्या शेजारच्या मशीनवरच्या मुलांसाठी.