कळ वाजलीच पाहिजे का?

टंकलेखनाच्या वर्गातून रस्त्यापर्यंत येणारी खडखड तुमच्या आईवडिलांना चांगली आठवत असेल. १९५५ साली गोदरेजने भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. पुढे कित्येक वर्षे कचेऱ्यांतून आणि न्यायालयांतून हा आवाज घुमत राहिला. त्या आवाजाला कारण होते. कळ दाबली की अक्षराचा दांडा शाईच्या फितीवर आपटे आणि तेव्हाच अक्षर कागदावर उमटे. आघाताशिवाय अक्षर नाही आणि आघात म्हटला की आवाज आलाच.

संगणकाच्या कळफलकाला कशावरही आपटायचे नसते. कळेने फक्त आपण दाबल्याची सूचना विद्युत मंडलाला द्यायची असते. म्हणजे टंकलेखन यंत्राचा आवाज हा कामाचा भाग होता, तर कळफलकाचा आवाज ही कामानंतर उरलेल्या ऊर्जेची उधळपट्टी आहे. तरीही ‘मेकॅनिकल’ कळफलक घेताना पुष्कळजण मुद्दाम टकटक वाजणारा निवडतात. आवाज मोठा तर वेग मोठा, अशी त्यांची समजूत असते. मला ही समजूत चुकीची वाटते.

जरा आत डोकावून पाहू. अशा कळफलकात प्रत्येक कळेखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच असतो. चेरी एमएक्स या प्रसिद्ध जातीच्या नेहमीच्या स्विचमध्ये कळ सुमारे ४ मिलिमीटर खाली जाते. पण संपर्क सुमारे २ मिलिमीटरवरच होतो. अक्षर पडद्यावर आलेले असते आणि आपले बोट मात्र उरलेले अंतर कापून कळ तळावर आदळते. मोठा आवाज येतो तो येथे. सुटलेली कळ वर येऊन थडकते तेव्हा दुसरा आवाज होतो. ‘क्लिकी’ स्विचमध्ये यांच्या जोडीला मुद्दाम बसवलेली टिकटिक असते. ती काढून टाकली तरी एकही अक्षर कमी उमटणार नाही.

म्हणून निवड करताना ‘क्लिकी’ आधी बाजूला ठेवा. बोटाला हलकी ठेच जाणवायला हवी असेल तर ‘टॅक्टाइल’ घ्या. नको असेल तर सरळ खाली जाणारा ‘लिनियर’ घ्या. ‘सायलेंट’ स्विचमध्ये दोन्ही टोकांना मऊ गादीसारखा भाग असतो. तो आघात थोडा लांबवतो आणि आवाज दबतो. झेल घेताना आपण हात मागे नेतो, त्यामागचे तत्त्व हेच. दुकानात निळा, तपकिरी, लाल असे रंग सांगतात. पण सर्व कंपन्यांचे रंग सारखे नसतात, तेव्हा जात विचारून घ्या. आणि घरातला रबरी पडद्याचा साधा कळफलक नीट चालत असेल तर नवा घेण्याची घाई नको. तो बहुधा शांतच असतो.

पण शांत म्हणजे किती शांत? पनवेलहून गोव्याच्या महामार्गाने निघाले की कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य लागते. महामार्ग त्याला लगटूनच जातो. प्रवेशद्वाराशी उभे राहून तांबट पक्ष्याची ‘टुक टुक’ ऐकू पाहा. वाहनांच्या घरघरीत ती बुडून जाते. किल्ल्याच्या वाटेने झाडीत वर गेलात की तशीच ‘टुक टुक’ स्पष्ट ऐकू येते आणि आपल्या पायाखालचे सुके पानसुद्धा मोठ्याने वाजते. पक्षी काही जास्त मोठ्याने ओरडत नसतो. बदललेली असते ती भोवतालची शांतता.

कळफलकाचेही असेच आहे. गजबजलेल्या दुकानात ‘अगदी शांत’ वाटलेला कळफलक रात्री अकरा वाजता घरात खडखडतो. तेव्हा परीक्षा घ्यायची ती रात्रीच्या शांत खोलीत. ज्या मित्राकडे असा कळफलक असेल त्याच्याकडे जाऊन ऐका, तेही शेजारच्या खोलीतून. टेबलाची पातळ फळीही कंप पावून आवाज वाढवते. कळफलकाखाली जाड कापडाची घडी घालून फरक पाहा. हा उपाय फुकटचा आहे.

शिक्षकांसाठी एक हिशेब. सारख्या आवाजाचे ३० कळफलक एकाच वेळी वाजू लागले तर ध्वनीची पातळी एका कळफलकापेक्षा सुमारे १५ डेसिबलने वाढते. एकट्याचा न जाणवणारा आवाज वर्गात शिकवणे अवघड करतो. शाळेसाठी खरेदी करताना किमतीशेजारी हाही आकडा मांडावा.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची टंकलेखन परीक्षा आता संगणकावर होते. मिनिटाला ३० किंवा ४० शब्द गाठण्यासाठी सराव हवा आणि तो बहुधा रात्रीच जमतो. आपल्याकडे दोन खोल्यांच्या घरात एकाचा सराव, दुसऱ्याचा दहावीचा अभ्यास आणि आजीची झोप एकाच छताखाली चालते. वेग येतो तो बोटांच्या सवयीने. कळ तळाला न आदळता हलकेच दाबण्याची सवय लावा; बोटेही कमी थकतील. आपली प्रगती सबंध घराला ऐकू यायची गरज नाही. ती पडद्यावर दिसली म्हणजे पुरे.